अर्धं पुस्तक

प्रिय धाकटे,

सोबत अर्धं पुस्तक पाठवते आहे. पोस्टात फाटलं असं समजून तिथल्या माणसाशी भांडू नकोस, ते मीच कापलंय. मागे तू फोनवर म्हणालीस, विज्ञानकथा म्हणजे नुसती यंत्रं आणि उडत्या तबकड्या, आपल्याला नाही जमायच्या. अगं, आयुष्यभर पोरांना गणित शिकवलंस आणि माझ्या आवडत्या लेखिकेला पेपर न तपासताच नापास केलंस?

तिच्या एका कथेतल्या ग्रहावर आज बोललेलं उद्या ऐकू येतं. नवरा-बायको भांडतात. दुसऱ्या दिवशी राग निवळून ती चहा घेऊन समोर उभी राहते आणि नेमका तेव्हा तिचा कालचा टोमणा त्याच्या कानावर येऊन आदळतो. आता सांग, यात यंत्र कुठे आलं? या लेखिकेच्या माणसांची नावं मात्र जिभेवर बसत नाहीत, आणि तिसऱ्या प्रकरणात ती हमखास रेंगाळते. तिथे कंटाळलीस तर खुशाल पानं उलट.

पुस्तक कापायची रीत तुझ्या भावजींची. तिचं नवं पुस्तक आलं की आधी कोण वाचणार यावरून आमची जुंपायची. बुकबाइंडरच ते. एकदा त्यांनी सरळ शिलाई सोडवून पुस्तकाचे दोन भाग केले आणि दोन्हींना पुठ्ठे लावले. मागचा भाग नेहमी मला, कारण मला मेलीला शेवटाची घाई. मग जेवताना मी शेवट पोटात ठेवून बसायची आणि हे माझ्या चेहऱ्यावरून ताडायला बघायचे. एकदा माझ्या तोंडून नुसतं ‘बिचारा’ निघालं, तर दिवसभर अबोला. दोघांचं वाचून झालं की पुस्तक पुन्हा एकत्र शिवायचे. फार सुखाचे दिवस होते गं.

ते गेल्यानंतर तिचं हे पहिलंच पुस्तक. मी बरी आहे, वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. पुस्तक घरी आणलं आणि सवयीने त्यांच्याच सुरीने कापून मोकळी झाले. दोन्ही भाग हातात आल्यावर भानावर आले. आधी हसू आलं, मग रडू. तरी मागचा भाग एका बैठकीत वाचून काढला. शेवट इतका सुंदर आहे म्हणून सांगू! पण ज्याच्यापासून तो लपवायचा, असं घरात कोणी उरलं नाही. तेव्हा लवकर वाचायला घे, आणि फोन करून कितीही विचारलंस तरी मी सांगणार नाही.

तुझीच,
शेवट ठाऊक असलेली ताई