विक्रीकर, दुसऱ्यांदा

तंजावूर,
१४ जून १९९६

प्रिय नंदिता,

तमिळमध्ये लिहा, तिला वाचायला सोपं जाईल, असं वेंकटरमण फोनवर म्हणाला. जावई काळजीने सांगतो, पण मी मराठीतच लिहितो आहे. ही अक्षरं तुला अम्माने शिकवली. आता आपल्या माणसांत ती वाचणारं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. सावकाश वाच, घाई नाही. अम्माचं तेरावं झालं आणि तू मद्रासला गेलीस, त्याला चार महिने झाले. फोनवर येत नाहीस, उन्हाळ्यातही आली नाहीस. मी रागावलेलो नाही. रागवायला अंगात जेवढा जीव लागतो, तेवढा सध्या माझ्यात नाही.

बातमी एवढीच की नवी गाडी आली. पांढरी मारुती. त्रिचीच्या दुकानाचा माणूस ती दारात उभी करून, किल्ली माझ्या हातात देऊन बसने परत गेला. मी तिच्यावर जुनी चादर टाकली आहे. गल्लीतले लोक येता-जाता चादर उचलून बघतात आणि मला विचारतात, अनिरुद्धराव, तुम्हाला चालवता येत नाही, मग गाडी कशाला? मी हसल्यासारखं करतो.

जुन्या फियाटचं विम्याचं काम मे महिन्यात मिटलं. त्यांच्या भाषेत तो टोटल लॉस. दुरुस्तीत अर्थ नाही, गाडीचा जो बाजारभाव असेल तो घ्या आणि सांगाडा आम्हाला द्या. माणसं सभ्य होती, खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी विचारलं, नव्या गाडीवर विक्रीकर भरावा लागेल, तो तुम्ही द्याल का? ते म्हणाले, नाही सर, आम्ही गेलेल्या गाडीचे पैसे देतो, येणाऱ्या गाडीचे नाही. मी म्हटलं, पण मी काही हौसेने दुसरी घेत नाही, होती तिच्या जागी घेतो आहे. कर एकदा भरून झाला आहे. त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याने माझ्यासाठी आणखी एक कॉफी मागवली. विक्रीकर कचेरीतही मी जाऊन आलो. तिथे कळलं की सरकारदरबारी 'च्या जागी' असं काही नसतं. प्रत्येक खरेदी पहिलीच.

त्यानंतर दोन-तीन आठवडे मी भेटेल त्याच्याशी विक्रीकरावरच बोलत होतो. बँकेत, देवळाच्या दारात, न्हाव्याकडेसुद्धा. म्हातारा बायको गेल्यावर कंजूष झाला असं लोक म्हणाले असतील, म्हणू देत. खरं सांगू? आवाज न अडकता मला बोलता येईल असा तेवढाच एक विषय उरला होता. अम्माबद्दल कोणी विचारलं की मी कराचा दर सांगायचो.

मग पाँडिचेरीहून शेषाद्रीमामा आला. पाँडिचेरीत कर फारच कमी, निम्मं तंजावूर तिथल्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाड्या घेतं, हे तुला माहीत आहेच. मामा म्हणाला, "भावजी, सरकारला फुकट का देता? माझ्या नावाने घ्या, माझ्या पत्त्यावर घ्या, गाडी इथे तुमच्या दारात राहू दे." बहिणीसाठी करता येण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तो हे घेऊन आला होता. मला ते दिसत होतं, तरी मी नको म्हटलं. तो जेवणाच्या पानावरून अर्धवट उठला. अम्मा असती तर मला चांगलंच झापलं असतं, आणि त्याला वर दहीभात खायला घालून पाठवलं असतं.

घरात तिची आठवण फार येते असं मी म्हणणार नाही. आठवण यायला माणूस आधी गेल्यासारखं वाटायला हवं. मला अजून तेच नीट वाटत नाही. दोन पेले कॉफी करतो आणि दुसरा निवल्यावर मीच पितो. परवा मात्र एक आठवलं. तुला लायसन्स मिळालं त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूच्या सगळ्या ओळखीच्या घरांत ती हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यावं तशी सांगत फिरली होती, आमची नंदू गाडी चालवते. स्वतःला सायकलही येत नव्हती, पण शेजारी बसून तुला गिअर कधी बदलायचा ते सांगायची. तू चिडायचीस. ती तरीही सांगायची.

पापनाशमच्या रस्त्यावर मी एप्रिलमध्ये जाऊन आलो, तुला सांगितलं नव्हतं. बसने गेलो. कापणीच्या दिवसांत तिथे सगळेच भाताच्या पेंढ्या रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकांनी फुकट मळणी होते म्हणून. आपणही दरवर्षी त्यावरून गेलो आहोत. अम्माला तो चाकांखालचा आवाज आवडायचा. त्या दिवशी पेंढा दवाने ओला होता, आपली फियाट सरकली आणि चिंचेच्या झाडावर गेली. तिथल्या चहावाल्याने मला सांगितलं की त्याच आठवड्यात तिथे एक बसही घसरली होती. वीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाच्या हातून. नंदू, गाडी तू चालवत होतीस, एवढंच खरं आहे. अम्माला तू मारलं नाहीस. हे वाक्य मी चार महिने तोंडाने म्हणू पाहतो आहे. फोनवर जमलं नाही, म्हणून लिहिलं.

आता शेषाद्रीमामाला मी नको का म्हटलं ते सांगतो. मी कल्याणराम शास्त्र्यांकडे गेलो होतो. ते म्हणाले, वर्षश्राद्ध होईपर्यंत तुम्ही नवं वाहन घेऊ नये, पाहुण्याच्या नावाने घ्या. मग स्वतःच म्हणाले, लेक चालेल, तिचं गोत्र लग्नात बदललं, तिला वर्षाचा दोष नाही. मला तेच ऐकायचं होतं. गोत्रातून तू गेलीस, पण आपल्या रेशनकार्डावरून तुझं नाव अम्माने काही काढू दिलं नाही. शास्त्रापुरती परकी आणि रेशनकार्डापुरती घरची, अशी मालकीण मला तुझ्याशिवाय कुठे मिळणार होती? पाँडिचेरीत तुझा पत्ता नाही, तंजावूरला आहे. म्हणून इथला पुरा कर भरला. गाडी तुझ्या नावाने घेतली आहे. कायमच्या नंबरासाठी मालकाला आरटीओत सही करायला यावं लागतं, माझी चालत नाही, मी विचारून पाहिलं. हे पत्र त्यासाठीच. ये. नाहीच म्हणालीस तर गाडी चादरीखाली राहील, मी काही बोलणार नाही. पण आलीस तर सही झाल्यावर कचेरीतून घरापर्यंत तूच चालव. मी मागे बसणार नाही. तुझ्या शेजारी बसेन.

वाट पाहणारा तुझाच,
अप्पा