नऊ राजे आणि अकरा पायऱ्या

प्रिय पोस्टमास्तर,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आधी तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव, तुझी मागाहून कळवलीस तरी चालेल. वहिनींना माझा नमस्कार सांग. आणि लेकीच्या घरी राहतोस म्हणून जावयाला पाकिटावर तिकीट कुठं चिकटवावं हे शिकवत बसू नकोस.

तू क्लबात यायचा बंद झालास त्याला दोन वर्षं झाली. खुर्चीत बसवून वर नेतो म्हटलं, तर ‘मी काय कपाट आहे?’ म्हणून माझ्यावरच खेकसलास आणि लेकीकडे निघून गेलास. तेव्हापासून बुद्धिबळाला माझ्यासमोर दातांचे डॉक्टर बसतात. (हरतात, पण हसत हसत हरतात. त्यात कसली आलीय मजा?) मी तेव्हाच ठरवलं होतं, क्लबाच्या त्या अकरा पायऱ्यांशेजारी उतार झाला पाहिजे. म्हणजे तूही येशील आणि क्लबात बुधवारी भरणाऱ्या मोफत दवाखान्याची माणसंही वर येतील. बिचारी खाली उभी राहून जीभ दाखवतात आणि दवाखान्याचे डॉक्टर वरच्या खिडकीतून वाकून बघतात!

तर या उतारासाठी क्लबाने वेषांतराचा मेळावा भरवला. अट एकच, कोण काय होणार हे आधी कुणाला कळता कामा नये. आता सोंगं शिवायला गावात मीच. (शिवणकाम मला कुणी शिकवलं नाही. वडिलांचा जुना कोट उसवला आणि परत जोडला, तीच माझी शाळा. एक बाही उरली होती, ते सोड.) चाळीस वर्षं साऱ्या गावाच्या कंबरा माझ्या वहीत आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याला कधी कळलेला नाही. तसंच इथंही. सगळ्यात आधी क्लबाचे अध्यक्ष मागच्या दाराने आले आणि कानाशी लागून राजाचा झगा ठरवून गेले. मग दातांचे डॉक्टर आले, त्यांचाही राजाच ठरला. मग बँकेतला कारकून, मग बेकरीवाला. मी प्रत्येकाचं माप घेतलं आणि स्वतःच्या तोंडाला टाका घातला.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी हॉलचं दार उघडलं आणि ओळीने नऊ राजे आत आले. सगळे जांभळ्या मखमलीत! प्रजा औषधालाही नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथं नऊ होत्या, त्यातल्या सहा पुठ्ठ्याच्या. उंच पाठीची खुर्ची एकच, तिच्यावर अध्यक्ष बसले, तर बेकरीवाला त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. दारात तिकिटं कोण घेणार? चहा कोण देणार? राजे कधी कपबशा उचलतात का! पाहुणे घड्याळ बघायला लागले, दोन कुटुंबं तर चपला घालून निघालीसुद्धा. मला उतार बुडताना दिसला आणि पटासमोरची तुझी जागा जन्माची डॉक्टरांच्या नावावर झालेली दिसली.

मग मात्र मी टेबलावर चढलो (उतरायला दोन माणसं लागली) आणि ओरडलो, ‘‘डब्यात पैसे टाका आणि राजाला कामाला लावा!’’

पहिल्या उठल्या अध्यक्षांच्या सौभाग्यवती. म्हणाल्या, ‘‘बावीस वर्षं ‘उद्या करतो’ ऐकतेय. चढा स्टुलावर आणि पुसा पंखे!’’ मुकुटासकट चढले. दातांच्या डॉक्टरांना त्यांच्याच एका पेशंटने पाव तास आ करून बसवलं आणि त्या अवस्थेत मुलाबाळांची चौकशी केली. बँकेतल्या कारकुनाला एका आजीबाईंनी चहासाठी रांगेत उभं केलं, रांगेत दुसरं कोणी नसताना. त्याचा नंबर आल्यावर म्हणाल्या, ‘‘आता जेवणाची सुट्टी. उद्या या.’’ हॉल असा हसला की तावदानं वाजली. निघालेली कुटुंबं चपला काढून परत आली. डबा भरला, तेव्हा अध्यक्षांचाच मुकुट उलटा करून फिरवला.

वेषाचं पहिलं बक्षीस मला! इतरांचं शिवताना माझं राहूनच गेलं, म्हणून गळ्यात टेप, ओठात टाचण्या अशा अवताराने मी धावत पोचलो होतो. परीक्षक मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘‘शिंपी अगदी हुबेहूब, फक्त चष्मा जरा अती झाला.’’ तुझी वहिनी म्हणते, बक्षीस परत करा. का म्हणून? चाळीस वर्षं तयारी केलीय मी.

पट मांडून वाट बघणारा,
तुझा शिंपीदादा

ता.क. नऊ जणांना एकच गोष्ट कशी सुचली, हे तू विचारणारच. तुला म्हणून सांगतो. बंद पडलेल्या नाट्यगृहाचा मखमली पडदा मला अगदी पडत्या भावात मिळाला होता. जांभळा. त्यातून राजाखेरीज दुसरं काय निघणार? म्हणून ‘मी काय होऊ?’ असं विचारत जो जो आला त्याला मीच म्हटलं, ‘तुमच्या चेहऱ्याला राजाच शोभतो.’ एकानेही वाद घातला नाही.

ता.क. दुसरा. उतार कालच बांधून तयार झाला. पडद्याची उरलेली पट्टी फीत म्हणून आडवी लावलीय, ती तू कापायची. बुधवारी दवाखाना आहे, म्हणून मंगळवारीच ये. सबबी चालणार नाहीत.

ता.क. तिसरा, आणि हा वहिनींना वाचून दाखवू नकोस. परवा सातव्या पायरीवर माझाच गुडघा अडकला. दातांच्या डॉक्टरांनी आणि बेकरीवाल्याने मला खुर्चीत घालून वर नेलं. वाटेत तुझं कपाट आठवलं. चुकलो रे. उताराची रुंदी मी टेप लावून मोजलीय, आपण दोघं शेजारी शेजारी मावतो.