अंघोळ : स्वतः

४ मार्च, सोमवार

आली! ही चौथी. आधीच्या तिघींना मी पळवून लावलं असं कन्या म्हणते. साफ खोटं. पहिली आपणहून गेली, दुसरीचं सगळं लक्ष टीव्हीत, आणि तिसरी मला 'बाळ' म्हणायची. एक्याऐंशीव्या वर्षी बाळ!

ही पन्नाशीची असावी. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पिशवीत स्वतःचा कप. "नमस्कार आजोबा." म्हटलं, मी तुमचा आजोबा नाही, साहेब म्हणा. "बरं काका," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजमधल्या एकेका डब्याचा वास घ्यायला लागली.

संध्याकाळी कन्येचा फोन. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकते. "तीन महिने, बाबा. रोजचा रिपोर्ट माझ्याकडे येणार. सगळं नीट दिसलं तर बाई बंद, तुमचे तुम्ही राहा. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. आणि हिलाही पळवलंत, तर दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन दारात!" म्हणजे परीक्षाच की! चाळीस वर्षं मी लोकांच्या लायसन्सच्या परीक्षा घेतल्या. कच्च्या गुरूचा चेला नाही मी.

तिच्याकडे जायचं नाही. घर चांगलं आहे, जावई चांगला आहे, पण तिथे मी पाहुणा. इथे अंधारातसुद्धा दिव्याचं बटन हाताला सापडतं.

५ मार्च, मंगळवार

रिपोर्ट पाहिला, तिच्या खांद्यावरून. मोबाइलवर पाच रकाने : खाणं, औषधं, चालणं, अंघोळ, मूड. प्रत्येकापुढे 'स्वतः', 'मदतीने' किंवा 'नाही'. मूडपुढेसुद्धा! विचारलं, मूड मदतीने म्हणजे काय हो? "म्हणजे मी विनोद सांगितला तर," म्हणाली. तोंडावरची माशी हलली नाही.

अंघोळीवरून मात्र वाजलं. कंपनीचा नियम — तिने आत थांबायचं. म्हटलं, माझ्या बाथरूममध्ये परकी बाई येणार नाही, मग ती कंपनीची मालकीण का असेना! दार लावलं, कडी घातली. ती बाहेर खुर्ची टाकून बसली. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो, तेव्हा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग रिपोर्टात लिहिलं — अंघोळ : स्वतः. जिंकलो!

११ मार्च, सोमवार

मूड : नाही. भाजी अळणी. रक्तदाब माझा, मग मीठ ती का ठरवते!

१९ मार्च, मंगळवार

आज चौकापर्यंत चालणं. बाईंना माणूस चालवता येत नाही. वळताना मागे बघत नाहीत, समोर सायकल दिसली की माझा दंड आवळतात. म्हटलं, बाई, हा दंड आहे, ब्रेक नाही! चुका एकेक करून समजावून दिल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत. मागे तीन गाड्या थांबल्यात."

खरं होतं. मुकाट्याने पलीकडे गेलो. पण घरी आल्यावर निकाल दिलाच — नापास. "पुन्हा कधी येऊ परीक्षेला?" म्हणाल्या. आठवड्याने, म्हटलं. नियम म्हणजे नियम.

२७ मार्च, बुधवार

पुन्हा नापास. थोडक्यात गेल्या. फुटपाथवर चढताना आधी स्वतः चढल्या आणि मला खालीच ठेवलं.

१० एप्रिल, बुधवार

बाई पास! माणूस आहे हुशार. मला वाटतं मुद्दाम दोनदा नापास झाल्या — मी चिडलो की भराभर चालतो, हे त्यांना कळलंय.

त्या आनंदात त्यांना जावयाची गोष्ट सांगितली. लग्न ठरलेलं, आणि पठ्ठ्या नेमका माझ्यासमोरच परीक्षेला आला. गाडी मागे घेताना खांबाला टेकवली. नापास! पंधरा दिवसांनी परत आला. पुन्हा नापास — खांबही तोच! कन्येने अबोला धरला. बायको तेव्हा होती, तिने आठ दिवस माझं ताट आदळून वाढलं. पण उभ्या जन्मात खोटा पास मी कुणाला दिला नाही. लायसन्स हातात आलं की माणूस रस्त्यावर उतरतो, आणि रस्त्यावर दुसऱ्यांची पोरंबाळं असतात.

हसून हसून बाईंची पुरेवाट. मग कपडे वाळत घालता घालता सहज म्हणाल्या, "काका, तुमचा साबण फार पुरतो हो."

म्हटलं, काटकसर.

"हं," म्हणाल्या. मी त्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवायला लागलो.

२ मे, गुरुवार

बाई दोन दिवस रजेवर. बदलीची बाई आली आहे. ती बोलत नाही, हसत नाही, चुकतही नाही. चुकत नाही त्या माणसाशी बोलायचं तरी काय! दिवस सरता सरेना. आपल्या बाई उद्या येणार म्हणे. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

विचारलं होतं. दोनदा.

१६ मे, गुरुवार

आज मूडपुढे 'मदतीने' लिहिलं त्यांनी. विनोद अगदीच भिकार होता. तरी हसलो, काय करणार.

२८ मे, मंगळवार

कंपनीची सुपरवायझर आली. शेवटची तपासणी. अर्धा तास ठरलेला, अकरा मिनिटांत उरकली! खुर्चीतून उठून दाखवा — उठलो. दहा पावलं चाला — चाललो. जिन्याच्या चार पायऱ्या उतरा, कठड्याला हात न लावता. तिसऱ्या पायरीला मी हात लावला. चांगला धडधडीत लावला. आणि हिने पूर्ण गुण दिले! म्हटलं, अहो, हात लावला मी, एक गुण कापा. "असू दे हो आजोबा."

असू दे? ही काय परीक्षा झाली! मी असतो तर आधी हिलाच घरी पाठवलं असतं.

शेवटी अंघोळीचा रकाना. तीन महिने रोज 'स्वतः'. मोबाइलमधून डोकं वर न काढता तिने विचारलं, "काही अडचण नाही ना?"

नाही, म्हटलं.

बाई खिडकीची काच पुसत होत्या. सकाळीच पुसलेली काच.

१ जून, शनिवार

पास! पन्नासपैकी पन्नास. कन्या फोनवर आनंदाने ओरडलीच. "खरंच वाटलं नव्हतं मला, बाबा! बुधवारपासून बाई बंद. तुम्ही जिंकलात."

बाईंना सांगितलं. "अभिनंदन काका," म्हणाल्या. त्यांना दुसरं घर मिळालंय, एक आजी आहेत, पायाने अधू. मग बसून माझ्या पंधरा दिवसांच्या गोळ्या वेगवेगळ्या पाकिटांत भरल्या, पाकिटांवर मोठ्या अक्षरांत वार लिहिले. मी शेजारी बसून अक्षराला नावं ठेवली. दोघांपैकी कुणालाच फारसं हसू आलं नाही.

हवं होतं ते मिळालं. घर माझं, दार माझं, कुणी विचारणारं नाही. आणि मला भीती वाटते आहे. बाई जाणार म्हणून वाईटही वाटतं आहे. लिहिलं एकदाचं.

३ जून, सोमवार

सकाळी कन्येला फोन केला. म्हटलं, मला नापास कर. जानेवारीत मी बाथरूममध्ये पडलो होतो. सकाळपासून दुपारपर्यंत फरशीवर, आणि कडी आतून. हाका मारून घसा बसला. तुला सांगितलं नाही. या वहीतही लिहिलं नाही. त्या दिवसापासून मी अंघोळ केलेलीच नाही. नळ सोडून ठेवतो, दाराला टेकून उभा राहतो, ओल्या टॉवेलने अंग पुसतो आणि बाहेर येतो.

बाई ऐकत होत्या. त्यांना कधीचं ठाऊक होतं. विचारलं, मग खोटं का लिहिलंत? "माझं चुकलंच, काका," म्हणाल्या. "आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून थांबले."

कन्या म्हणाली, "बाईंना फोन द्या." काय ठरलं, सामान बांधायचं की नाही, मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आत पाण्याचा आवाज येतोय. बाईंनी हाक मारली — "काका, पाणी काढलंय. या."

जातो.