उजव्या हातात घालायचा पंजा

अप्पा, माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो. छत्रीच्या काडीची आरी, मूठ बाभळीची. मोरीचं पत्र्याचं दार, तीन बिजागऱ्यांचं, कारण दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं दार चार वर्षांत खाली बसतं आणि मग घासतं. ओलं कातडं ताणायची चौकट. हाताच्या आकाराचे पाच लाकडी फर्मे, सात वर्षांच्या लेकरापासून पुऱ्या वाढलेल्या माणसापर्यंत. आणि बेसबॉलचे ग्लोव्ह, ज्यांना तुम्ही पंजा म्हणायचात, ते आजवर चारशे सहा. मला हे कुणी शिकवलं नाही, तुम्ही तर नाहीच. फाटके ग्लोव्ह आणून उसवायचे, उसवताना टाके मोजायचे आणि तितकेच टाके घालून परत जोडायचे, असं करत मी शिकलो. आज सोलापुरात कुणाच्या पोराला चांगला ग्लोव्ह हवा असला तर तो माझ्या दुकानाचा पत्ता विचारत येतो.

हा खेळ तुम्ही एकदाच पाहिलात, म्हणून सांगतो. ग्लोव्ह झेलायला असतो. ज्या हातानं चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवायचा आणि ग्लोव्ह दुसऱ्या हातात घालायचा. उजव्यानं फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात, डावखुऱ्याचा उजव्या हातात. एवढंच. पण दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ आईबापांना हे पटत नाही. ते सरळ म्हणतात, उजव्या हाताचा द्या. आपल्याकडे प्रसाद उजव्या हातात, पैसे उजव्या हातात, घास उजव्या हातानं, मग चेंडूच तेवढा डाव्या हातात कसा घ्यायचा? मी वाद घालत नाही. पोराच्या पुढ्यात टेनिसचा चेंडू ठेवतो, म्हणतो, त्या भिंतीवर मार, आणि हात बघतो. बाप खोटं बोलेल, पोरगंही बोलेल, पण हात बोलत नाही.

माझा हात डावा होता. तुमच्या टपरीत एकदा अकलूजच्या एका जीपवाल्याचं सीट शिवून झालं, आणि त्याचे उरलेले सुटे पैसे मी डाव्या हातानं पुढं केले. मी सात वर्षांचा होतो. त्यानं ते घेतले नाहीत. "पोराला वळण लावा की मिस्त्री," म्हणाला आणि पैसे तसेच सोडून गेला. त्याच्या सहा जीपा होत्या, त्यातली एकही परत आली नाही. त्या दिवसापासून जेवायला बसलं की तुम्ही माझा डावा हात रेक्झिनच्या पट्टीनं पाठीशी बांधायचात. पट्टी दोन बोटं रुंद, विटकरी रंगाची, रिक्षाच्या सीटातून उरलेली. आठवड्यानं तुम्ही तिला बक्कल लावलंत, रोज गाठ मारण्यात वेळ जायला नको म्हणून. बक्कल चांगलं होतं, पितळी. तुमचं काम नेहमी चांगलंच असायचं, ते मी नाकारत नाही.

सातवीत होतो तेव्हा खेळाच्या सरांनी शाळेत बेसबॉल आणला. शाळेकडे नऊ ग्लोव्ह होते, नऊच्या नऊ डाव्या हातात घालायचे. मैदानावर मला बांधणारं कुणी नव्हतं, मी डाव्यानं फेकायचो. सरांनी माझे चार चेंडू पाहिले आणि म्हणाले, "तू पिचर, चेंडू टाकायचा तू. पण तुला उलटा ग्लोव्ह लागणार, तो आपल्याकडे नाही. कुठनं तरी पैदा कर. शनिवारी संघ निवडायचाय." मी घरी येऊन तुम्हाला म्हटलं, खेळायला उजव्या हातात घालायचा पंजा पाहिजे. तुम्ही विचारलंत, "उजव्यातच का रं?" मी दप्तर उचलून आत गेलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या कुंपणाबाहेर सायकल धरून अर्धा तास उभे होतात. मला दिसला नाहीत, शिपाईमामांनी नंतर सांगितलं. सगळा खेळ बघितलात. मग सरांकडून एक ग्लोव्ह मागून घेतलात, जमिनीवर कागद पसरून त्याचं माप काढलंत आणि निघून गेलात.

चार दिवस तुम्ही गिऱ्हाइकांना परत पाठवलंत. नवं काळं रेक्झिन, आत काथ्या पिंजून भरलेला, अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये बारीक पट्ट्यांची जाळी. तळव्यावर दुहेरी शिलाई, दोनशे बारा टाके, एकही वाकडा नाही. शुक्रवारी जेवायच्या वेळेला तो माझ्या ताटाशेजारी ठेवलात. मी उजवा हात घालायला गेलो, अंगठा भलत्याच बाजूला. ग्लोव्ह डाव्या हाताचा होता. डाव्या हातात तो असा बसला की जणू माझ्या हातावरच कापला असावा. तुम्ही बघत होतात. "आता चेंडू कंच्या हातानं फेकशील?" म्हणालात आणि हसलात. आईही हसली, तुम्ही हसलात की तिला हसावं लागायचं. "मी सगळं बघून आलोय," तुम्ही म्हणालात. "लई इचार करून केलाय. त्यो हात आता कोंडला की न्हाय बघ."

शनिवारी मी उजव्यानं फेकलं. पहिला चेंडू पाच पावलांवर पडला, दुसरा कुंपणावरून रसवंतीच्या गाड्यावर गेला. सरांना वाटलं मी मस्ती करतोय. "इथं जागेसाठी पोरं रडतायत आणि तुला चेष्टा सुचते होय रे?" एवढं बोलून त्यांनी माझं नाव खोडलं. मी त्यांना सांगू शकलो असतो. हा माझ्या बापानं मुद्दाम असा शिवलाय, हे बाराव्या वर्षी कसं सांगायचं ते मला कळलं नाही.

रविवारी मी तो ग्लोव्ह उसवला. दोनशे बारा टाके, म्हणून तर आकडा माहीत आहे. काथ्या काढला, रेक्झिन आतलं बाहेर केलं, कारण डाव्या हाताची पिशवी उलटी केली की ती उजव्या हाताला बसते. हे मी स्वतः शोधून काढलं होतं. परत काथ्या भरला आणि शिवला. चकचकीत बाजू आत गेली, पांढरट कापड बाहेर आलं. सोमवारी तो घेऊन मैदानावर गेलो, तर यादी मुख्याध्यापकांकडे गेलेली. पोरं म्हणाली, डावऱ्या चड्डी उलटी घालून आला. संध्याकाळी तुम्ही तो पाहिलात, उलटसुलट करून माझी शिलाई तपासलीत. "टाका बरा घालतुयास," म्हणालात. आणि मोठ्या कात्रीनं त्याचे चार तुकडे केलेत आणि एका रिक्षाच्या सीटच्या चार कोपऱ्यांत भरलेत, वाया कशाला घालवायचं म्हणून. माझ्या चारशे सहात तो धरलेला नाही.

हे मी इतकी वर्षं कुणाला बोललो नाही. बोलायचं कारणही नव्हतं. पण गेल्या मंगळवारी दुकानात एक माणूस त्याच्या मुलीला घेऊन आला. मुलगी दहा-अकरा वर्षांची, शाळेच्या गणवेशात. रविवारी तिच्या शाळेचा संघ निवडायचा होता. बाप कुठल्यातरी कचेरीतला असावा, खिशाला ओळखपत्र, हातात हेल्मेट. दुकानात आणखी दोघं होते, एका शाळेचे खेळाचे शिक्षक आणि त्यांचा मित्र. मी मुलीपुढं चेंडू ठेवला. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग उजव्या हातानं फेकला. चेंडू भिंतीपर्यंत पोचलाच नाही. तो उचलायला ती वाकली तेव्हा बाप मोबाईलमध्ये बघत होता. तिनं तो डाव्यानं उचलला आणि डाव्यानंच माझ्याकडे टाकला, सरळ तळव्यात. तळवा झणझणला.

मी दोन नंबरच्या फर्म्यावरचा ग्लोव्ह काढून दिला, डावखुऱ्यांचा, उजव्या हातात घालायचा. तिनं घातला आणि डाव्या मुठीनं त्याच्या खोलगट भागात दोन बुक्क्या मारल्या. हे कुणी शिकवत नाही, खेळणाऱ्याला आपोआप येतं. बापानं विचारलं, "हाच ना वो उजव्या हाताचा?"

"हाच."

"बांधून द्या मग."

अप्पा, काम झालं होतं. त्या माणसाला सगळं उजवं हवं होतं, आणि त्याच्या त्या हट्टापायीच त्याच्या डावऱ्या मुलीला हवा तो ग्लोव्ह मिळत होता. मी फक्त पिशवीत घालून द्यायचा होता. पण समोरचा चुकीच्या कारणानं बरोबर वस्तू नेतोय हे मला सहन होईना. दुकानात ऐकायला दोघं होते. मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला कळलं नाही. हा डावखुऱ्यांचा ग्लोव्ह आहे. तुमची मुलगी डावरी आहे."

"डावरी नाही ती," तो म्हणाला. "होती. सवय मोडलीय आम्ही. दोन वर्षं गेली त्यात."

"मोडली नाही, लपवलीय. फेकायच्या आधी ती तुमच्या तोंडाकडं बघते. तुमच्यासारखे बाप मी रोज बघतो."

शिक्षकांचा मित्र हसला. त्या माणसाचे कान लाल झाले. "काढ गं ते," तो मुलीला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मग दुसरा द्या, डाव्या हातातला."

"तो मी हिला विकणार नाही."

"नका विकू की वो. नव्या पेठेतली दुकानं काय बंद पडलीत का?"

मुलीनं ग्लोव्ह काढून काउंटरवर ठेवला, डाव्या हातानं. बापानं नुसतं पाहिलं. तिनं तो परत उचलला आणि उजव्या हातानं ठेवला.

रविवारी मी तिच्या शाळेवर गेलो. कुंपणाबाहेर स्कूटर धरून उभा राहिलो, अर्धा तास झाला असेल. तिच्या डाव्या हातात नवा कोरा निळा ग्लोव्ह होता, तयार मिळतो तसला, चार महिन्यांत ज्याची जाळी सैल पडते. ती उजव्यानं फेकत होती. चेंडू पाच-सहा पावलांवर पडत होते. सरांनी तिला बाजूला बसवलं, मग पोरांच्या पाण्याच्या बाटल्या तिच्याजवळ ठेवायला सांगितल्या. तिनं मला पाहिलं की नाही ते सांगता येत नाही. तुम्ही जाणूनबुजून केलंत, मी शहाणपण दाखवायला केलं. त्या बाटल्यांपाशी बसलेल्या पोरीला यानं काय फरक पडतो ते मी घरी येऊन पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो, आणि बसल्यावर दुसरंच आठवलं.

तुमचं शेवटचं वर्ष. लकव्यानं तुमची उजवी बाजू गेली होती. देवाचा न्याय वगैरे मी मानत नाही. मेंदूत डावीकडे रक्त अडकलं की शरीराचं उजवं अंग जातं, डॉक्टरनं मला कागदावर काढून दाखवलं होतं. तुम्ही डाव्या हातानं जेवायचात, भिंतीकडे तोंड करून. मी समोर बसून बघायचो. माझी बायको म्हणायची, असं बघू नका हो, त्यांचा घास अडकतो. मी तरी बघायचो.

एका दुपारी तुम्ही दुकानात आलात. आमच्या घरातून दुकानात यायला आतलं दार आहे, सहा पावलांचं अंतर. तुम्ही त्या दारानं आला नाहीत. काठी टेकत मागल्या बोळातून रस्त्यावर गेलात, वळसा घातलात आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला काउंटरपुढं येऊन उभे राहिलात. बनियनवर सदरा घातला होतात. मी शिवत होतो.

"एक पंजा पायजे," तुम्ही म्हणालात.

"कुणाला?"

"मला. उजव्या हाताचा. हात लई गार पडतुया."

"उजव्या हातात घालायचा नाही आपल्याकडे. खपत नाही."

तुम्ही माझ्या डोक्यामागच्या खिळ्यांकडे पाहिलंत. तिथं पाच-सहा लटकत होते, आणि ते कुठल्या हाताचे हे तुम्हाला माझ्याइतकंच कळत होतं. माझ्या सातवीपासून कळत होतं. काठी काउंटरला टेकवलीत, डाव्या हातानं खिसा चाचपून पैसे काढलेत आणि पुढं केलेत.

मी म्हणालो, "डाव्या हातानं दिलेलं घेत नाही आम्ही."

आता जे राहिलं ते लिहितो आणि वही बंद करतो. पाचवा फर्मा, मोठ्या माणसाचा, तुमच्या उजव्या हाताचा आहे. तुम्ही झोपलेले असताना कागदावर माप घेतलं होतं, तुम्ही माझ्या शाळेत घेतलं होतंत तसंच. त्या फर्म्यावर मी एक ग्लोव्ह शिवला होता, आत मऊ मेंढीचं कातडं घालून, आणि तुम्ही आलात त्या दुपारी तो शेवटच्या खिळ्यावर होता. अजूनही आहे. विकायला काढला नाही.

माझं बोलणं ऐकून तुम्ही पैसे मागे घेतले नाहीत. डाव्या हातानं एकेक नोट तुमच्या उजव्या हाताच्या आखडलेल्या बोटांत खोचलीत. दहाच्या होत्या, विसाच्या होत्या. बराच वेळ लागला. मग डाव्यानं मनगटाला धरून तो मेलेला हात उचललात आणि माझ्या काउंटरवर आणून ठेवलात. मी मान खाली घालून टाका घातला. उजव्या हातानं दिलेले तीनशे चाळीस रुपये होते, अप्पा, आणि मी ते घेतले नाहीत.