सासरचा निजामी कोच

अप्पा, सोमवारी मी सासरचा कोच उलटा केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे सांगायचं तर तुम्हालाच. कारण तो कोच याआधी एकदाच उलटा झाला होता आणि तो पराक्रम तुमचा होता. माझं लग्न जमायला आलेलं आणि समोर पोह्यांच्या बश्या.

आपल्याकडं निजामी काय नसतं? पायाला सिंहाचा पंजा असला की खुर्ची निजामी, पाठीवर द्राक्षांचे घोस असले की कोच निजामी. आपल्या नांदेडच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही न कंटाळता सांगायचात की ही द्राक्षं निजामाची नाहीत. विलायतेतल्या लोकांना स्वतःच्या पणजोबांच्या काळातल्या सामानाची हौस आली, त्यांनी त्याची नक्कल करून नवं घडवलं. ते बघून हैदराबादच्या सुतारांनी सागवानात घडवलं, आणि ते बघून पुढं इकडच्या सुतारांनी. म्हणजे असल असं कुठंच नाही. पण किंमत करायला फरक तर पाहिजे, म्हणून तुम्ही दोन नावं पाडली होती. हैदराबादची जुनी ती 'असली नकल' आणि करवत मोटारीवर चालायला लागल्यावर झालेली ती 'नकली नकल'. मी आता लातुरात हेच काम करते आणि लोकांना 'रिव्हायव्हल' असा शब्द ऐकवते. ते मान डोलावतात, कळत कुणालाच नाही. मोबाइलवर रोज फोटो येतात, 'मॅडम, निजामी आहे, किती येतील?' परवा एकानं निजामी टीव्ही स्टँड पाठवला.

तर तो दिवस. खरं म्हणजे त्यांनी मला बघायला नांदेडला यायचं होतं, पण सासऱ्यांचा पाय मोडून प्लास्टरात, म्हणून आपणच लातूरला गेलो. दिवाणखान्यात मधोमध तो कोच, त्यावर चादर, चादरीवर प्लास्टिक, आणि आपण सगळे सतरंजीवर. सासरे बाजेवर पाय लांब करून म्हणाले, "निजामी हाय बरं का. आमच्या आज्यानं हैदराबादेतून आणलेला. त्याच्यावर कुणी बसत न्हाई."

"कुणीच न्हाई?" तुम्ही विचारलं.

"कलेक्टर आला तर बसवू की."

झालं. तुम्ही बशी खाली ठेवलीत, चादर बाजूला केलीत आणि ज्याला पसंत करायला आलो होतो त्या मुलालाच म्हणालात, "जरा धरा हो त्या बाजूनं." तो बिचारा उठला. "जड हाय, पायावर घ्याल," असं तुम्हाला म्हणाला, आणि खरं सांगते, मला तो तिथंच आवडला. म्हणून तर पुढचं सगळं बघताना मी मनातल्या मनात तुम्हाला थांबवत होते. सासरे "अहो, अहो" करत होते, पण प्लास्टरामुळं उठता येईना. तुम्ही कोच उलटा करून त्याच्या पोटात डोकं घातलंत, बोटाला थुंकी लावून लाकूड चोळलंत आणि बाहेर येऊन जाहीर केलंत, "नकली नकल. मोटारीच्या करवतीचं लाकूड हाय. तुमच्या आज्याला कुणीतरी गंडवलं."

आईनं तुम्हाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, संपलं, आता पुढची बस. तेवढ्यात आतल्या दारात उभ्या असलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, पदराला हात पुसत पुढं आल्या. त्यांनी तुम्हालाच विचारलं, "म्हंजी बसलं तरी चालतंय?"

"बिनधास्त बसा," तुम्ही म्हणालात.

कोच सरळ केला गेला आणि अव्वा त्यावर बसल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. "लई टोचतंय की!" म्हणून इतक्या हसल्या की सासऱ्यांनाही हसावं लागलं. मग बसल्या जागेवरून त्यांनी सांगून टाकलं, "पोरगी पसंत हाय." त्यांना तोवर कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून कोच अव्वांचा. त्यावर लसूण सोलला गेला, नातवंडं झोपली, चहाच्या कपांची वर्तुळं उमटली. सासरे गेले, अव्वांचे गुडघे गेले. आता त्यांना खाली बसताच येत नाही, सगळा दिवस त्या कोचावर. आणि आता धाकट्या दिरांनी हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला त्याचा फोटो दाखवला. त्याचं म्हणणं, खरा जुना असेल तर लगेच गाडी पाठवतो. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरच्याच जाणकार. एकदा नीट बघून सांगा." मी कधीच बघितला नव्हता. तुमचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि त्यावर सतत कुणीतरी बसलेलं.

सोमवारी अव्वा देवळात गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, जरा धर. बॅटरी मारली. अप्पा, मोटारीच्या गोल करवतीची एकही खूण नाही! दोघांनी ओढायच्या करवतीचे सरळ, वेडेवाकडे ओरखडे. स्क्रूच्या खाचा हातानं पाडलेल्या, एकही मधोमध नाही. दोन्हीकडचे घोस जवळून बघितले तर डावीकडं एक द्राक्ष जास्त. स्पिरिटचा बोळा लावला तर पॉलिश बोटाला चिकटलं, म्हणजे अस्सल चपडा, जुन्या काळचं लाखेचं पॉलिश. असली नकल, आणि तीसुद्धा पहिल्या प्रतीची. सासऱ्यांचा आजा अजिबात गंडला नव्हता. मी तिथंच फरशीवर बसले.

इतक्यात अव्वा दारात. कपाळावर ताजी विभूती, एक हात चौकटीला. उलटा कोच बघून त्यांना सगळं कळलं. "काय निघालं?" त्यांनी विचारलं. मी बॅटरी बंद केली. मग त्याच म्हणाल्या, "खरा असंल तर सांग बाई. मी बसते खाली, मला सवय हाय." ते गुडघे घेऊन ती बाई खाली बसायला निघाली होती, अप्पा. मी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "नकली नकल. अप्पांनी तेव्हाच सांगितलं होतं की." दिरांनाही फोनवर तेच सांगितलं. माझ्या धंद्यातलं हे पहिलं खोटं, आणि ते मी न अडखळता बोलले. कोच सरळ केल्यावर अव्वा त्यावर बसल्या आणि पाय वर घेतले.

रात्री नवऱ्यानं विचारलं, "पण तुझ्या अप्पांना तेव्हा कळलं कसं नाही?" मी म्हटलं, "कळलं होतं. अव्वा दारात ताटकळत उभ्या होत्या ना, त्यांच्याकडं बघून मुद्दाम खोटं बोलले." त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "देवमाणूस." आता तो कोचाचं गुपित तेवढं राखून सगळ्या नातेवाइकांना तुम्ही देवमाणूस होतात म्हणून सांगत सुटलाय, आणि म्हणून हे लिहिलेले कागद मला घरात ठेवायची सोय नाही. उद्या फाडून टाकीन.

कारण परतीच्या बसमध्ये मी तुमच्या शेजारी होते, अप्पा. आई विचारत होती, मुलगा कसा वाटला, आणि तुम्ही अहमदपूर येईपर्यंत एवढंच बोलत होतात की तो कोच टेम्पोत आडवा मावेल की उभा घालावा लागेल. माल आवडला की तुम्ही आधी नावं ठेवायचात, मग भाव पाडायचात. तुम्हाला अव्वा दिसल्याच नव्हत्या. तुम्हाला कोच पाहिजे होता.