आपल्याच पोराला घालवताना

आत्या, तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात आलेला कुठलाही कागद मी ओटीवर बसून वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. तुम्ही गेलात तरी हाही कागद तसाच मोठ्यानं वाचावासा वाटतो, पण आत सून आहे, नातू आहे. गेले काही दिवस मला एका जागी बसवत नाही. भात चुलीवर ठेवते आणि पाणी घालायला विसरते. अंगणात जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय हे उतरायचं नाही.

मी पोशीरहून कडावला तुमच्या घरात आले तेव्हा तुमचा मुलगा मोहोपाड्याला कारखान्यात कंत्राटी कामाला जायचा. सुरुवातीची वर्षं चांगली गेली, ती मी नाकारत नाही. माझ्यासाठी तो पनवेलहून चप्पल आणायचा आणि माप बरोबर यायचं. मग पाळी सुटली की गुत्त्यावर थांबायला लागला. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज. पहिल्यांदा त्यानं हात उचलला तेव्हा तुम्ही गोठ्यातून विचारलंत, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काय नाय आत्या, भांडं पडलं." पुढं आपल्या घरात भांडी फार पडायला लागली. तुम्हाला सगळं कळत होतं. तुम्ही माझ्या दंडाला हळद लावायचात आणि बोलत नव्हता. तुमचा स्वतःचा नवरा कसा होता, ते मला गावातल्या बायकांनी सांगितलं होतं.

पोरांचं मात्र कुणी लक्षात घेतलं नाही, मीसुद्धा नाही. मोठा सात-आठ वर्षांचा असेल. तो पायात चपला घालूनच झोपायचा. मी काढायला गेले की पाय आखडून घ्यायचा. पळायची वेळ आली तर काट्यात पाय नको जायला, म्हणून. धाकटी शाळेत बोलायची बंद झाली. तिला ऐकू येत नसावं, असं बाईंना वाटलं. बाईंनी मागून टाळी वाजवून बघितली, तर पोरगी बाकाखाली जाऊन बसली.

त्या सकाळी तुमच्या मुलानं पेजेचं पातेलं माझ्यावर फेकलं. मी बाजूला झाले आणि पेज धाकटीच्या पायावर सांडली. तुम्ही धार काढत होता. आलात, पोरीचा पाय पाण्यात धरलात, तिला माझ्याकडे दिलंत. मग आत जाऊन त्याचे शर्ट, लुंगी, दाढीचं सामान सिमेंटच्या गोणीत भरलंत आणि गोणी रस्त्यावर नेऊन ठेवलीत. तो आधी हसला. तुम्ही दारात उभ्या राहिलात. तुमचा आवाज चढला नव्हता, मला अजून ऐकू येतो.

"तुजा बाप मला मारायचा, तवा माज्यामागं कुणी उभं नाय राह्यलं. हिच्यामागं मी उभी हाय. तू जा."

"आये, घर माजं हाय."

"घर माज्या नावावर हाय. दारू सुटली की ये, भाकरी वाढीन. तवर उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको."

तुमचे दीर धावत आले. म्हणाले, "वैनी, आपल्याच पोराला घालवतं का कुणी?" तुम्ही म्हणालात, "आपलाच हाय, म्हनून तर घालवतंय. दुसऱ्याचा असता तर मी कोन सांगनारी?"

तो मोहोपाड्याला खोली करून राहिला. दारू सुटली नाही. मधे एकदा पिवळे झालेले डोळे घेऊन ओटीपर्यंत आला. तुम्ही पाणी दिलंत, डॉक्टरकडे जा म्हणालात, आत घेतलं नाहीत. पुढं काही वर्षांनी पनवेलच्या दवाखान्यात वारला. त्याला आणून अंगणात ठेवलं, तेव्हा बायका आपसात बोलल्या, आईनं पोर खाल्लं. तुम्ही ऐकलंत. त्या संध्याकाळी तुम्ही उठून म्हशीला पेंढा घातलात, आणि मला तुमचा राग आला. माझी पोरं नीट झोपायला लागली होती, धाकटी वर्गात कविता म्हणायला लागली होती, ते सगळं तुमच्यामुळे. तरी मी मनात म्हटलं, ही बाई दगडाची आहे. माझा नवरा होता तो, आत्या. चप्पल बरोबर मापाची आणणारा माणूसही त्याच्याबरोबरच गेला होता, आणि त्यासाठी मला कुणावर तरी रागवायचं होतं.

आता ऐका. धाकटी पनवेलला नर्स आहे. लग्न करायचं नाही म्हणते, मी विचारणं सोडलंय. थोरला गाडी चालवतो. कर्जत स्टेशनवरून पाहुण्यांना फार्महाऊसवर सोडतो, परत आणतो. त्यानं कधी देशीला हात लावला नाही. पाहुण्यांच्या उरलेल्या बाटल्या मात्र घेतो. ती इंग्लिश असते, म्हणून तो तिला दारू धरतच नाही. सून कर्जतला औषधांच्या दुकानात काम करते. हसरी पोरगी आहे, मला आई म्हणते. नातू यंदा बालवाडीत जातो.

रविवारची दुपार. मी भाकरीचं पीठ मळतेय, नातू बाहेरच्या खोलीत कार्टून बघतोय, ही दोघं आत. आवाज येतो. तो आवाज कशाचा, हे मला कुणी सांगायला नको. मी दारात येते तर नातू मागं वळूनही बघत नाही. रिमोट उचलतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, आणखी वाढवतो. सून गालाला हात लावून बाहेर येते. म्हणते, "काही नाही आई, कपाटाचं दार लागलं."

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? ही त्याला काय बोलली असेल? पोरगी समोर उभी, गालावर बोटं उठलेली, आणि मी माझ्या पोरासाठी कारण शोधत होते. तुमच्या मनातही असं आलं असेल का? हळद लावताना तुम्ही गप्प असायचात, तेव्हा?

दुसऱ्या दिवशी नातवाला भात भरवताना विचारलं, "आवाज का रं वाढवलास?" तो म्हणाला, "पप्पा ओरडले की वाढवायचा." ठरलेला नियम सांगावा तसं म्हणाला, आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत बसला. म्हणजे हे आधीपासून चाललं होतं आणि मला टीव्हीच ऐकू येत होता.

तरी मी चार-पाच दिवस घालवले. घालवून दिला आणि तोही बापासारखा गेला तर? रात्री नाही, दिवसाढवळ्या मला ते अंगण दिसायचं. मग एका सकाळी तो गाडी धुत होता, मी जवळ गेले.

"तू काही दिवस इथं राहू नको," मी म्हटलं.

"तिनं सांगितलं तुला?"

"मला कान हायत."

तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "आई, एकदा हात उठला. मी काय रोज मारतो?"

"पोराला आवाज कधी वाढवायचा ते पाठ झालंय. एकदाच्यानं पाठ होतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. चेहरा बापाचा, डोळे तुमचे. "बाबांना घालवलं आजीनं. काय झालं बघितलंस ना? मलापण तसंच मारायचंय?"

आत्या, तुम्ही बोललात तसं मला बोलता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "तू बरा हो नि ये. पण जा." त्यानं बादली लाथाडली. मग स्वतःच उचलून नळाखाली ठेवली आणि कपडे भरायला आत गेला. सध्या चौक गावाच्या रस्त्याला एका फार्महाऊसवर राहतो, तिथल्याच गाड्या चालवतो.

सून म्हणाली, "तक्रार लिहून ठेवायची, उद्या परत झालं तर माझ्या हातात काही हवं." मी तिच्याबरोबर कर्जतला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी मला विचारलं, "मावशी, तुमचा मुलगा आहे ना? तुम्ही सांगाल, तुम्ही ऐकलं म्हणून?" मी हो म्हटलं आणि सही केली. येताना रिक्षात सुनेनं माझा हात धरला. मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. नाही वाटलं. गावातून जाताना कुणीतरी थांबवून म्हणावं, तुझं चुकलं, असं वाटत होतं. म्हणजे भांडता तरी आलं असतं.

तो दर आठवड्याला कर्जतला दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे जातो, असं सांगतो. जात असेल. सुनेला फोन करून पोराशी बोलतो. सून अजून ये म्हणत नाही आणि मीही तिला तसं सुचवत नाही. घर शांत आहे. नातू परवा खेळताना माझ्यावरच ओरडला, जोरात, आणि मग मी काय करते ते बघत उभा राहिला. मी काही केलं नाही. त्याला जवळ घेतलं. अंग कडक होतं त्याचं, मग सैल झालं.

तुम्ही म्हशीला पेंढा घालायला का उठलात, ते आता कळतं. हात रिकामे ठेवले असते तर तुम्ही काय केलं असतं, कोण जाणे.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. शेवटचं सांगते. काल बाजाराला जाते म्हणून निघाले आणि कर्जतहून पनवेलची एसटी धरली. फार्महाऊसच्या फाट्यावर गाडी थांबली. फाटकाच्या आत तो कुणाच्या तरी गाडीची काच पुसत होता, वाळलाय जरा. मी उठून दारापर्यंत गेले. कंडक्टर म्हणाला, "उतरताय ना, मावशी?" मी नाही म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. चौकला उतरून परतीच्या गाडीनं घरी आले. सुनेनं विचारलं, भाजी कुठाय? मी म्हटलं, आज चांगली नव्हती.