तुम्ही सांगितलं होतं, आण्णा

प्रिय आण्णा,

परवा आईला कराडला दाखवलं. दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिस सुरू करा, डॉक्टर म्हणाले. येताना उंब्रजला चहाला थांबलो आणि तिथं आई जे बोलली, त्यानंतर तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवेना.

तुम्ही मला नीट सांगितलं होतं. कोरेगावच्या घरी, पायरीवर बसून धापा टाकत दाढी करत होतात. पलटणीतून आल्यापासून एक दिवस चुकवली नाहीत. म्हणालात, "सुमे, फुफ्फुसं गेली माझी. नळ्या घालू नगं. हितंच जाऊ दे. व्हय म्हण."

मी व्हय म्हणाले!

पंधरवड्यात तुमचे ओठ निळे पडले आणि मीच तुम्हाला साताऱ्याला नेलं. घाबरले हो! तेवढं तुम्ही माफही केलं असतं. पण पुढचं?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "श्वासाच्या मशीनवर घातलं, तर त्यावरून परत येणं अवघड आहे. मशीन न लावता नुसता त्रास कमी ठेवता येईल. त्यांची स्वतःची काही इच्छा होती का?"

चुलते, भावकी, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एकुलत्या एका लेकीनं बापाला मारलं, असंच म्हणाले असते ना? मी म्हणाले, "काही बोलले नव्हते. सगळं करा."

खोटं बोलले मी, आण्णा.

तुम्ही नळी उपसलीत म्हणून त्यांनी तुमचे हात पलंगाला बांधले. अकरा दिवस! बोलता येत नव्हतं, नुसते बघायचात. "बरं वाटंल हं," मी म्हणाले, तर तोंड फिरवलंत. दाढी वाढलेली, कमरेला डायपर. दाढी केली ती तुम्ही गेल्यावर, चुलत्यांनी.

पण मला एकटीलाच का सांगितलंत? चार माणसांत बोलायचं होतं!

मला वाटायचं, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. उंब्रजला आई कप खाली ठेवून म्हणाली, "त्ये तुला सांगत हुते तवा मी दाराआडच हुते. समदं ऐकलं. तू डॉक्टरणीला न्हाई म्हणालीस, तवा मीबी गप बसले. दोगींनी मिळून बांधलं त्यास्नी." मग म्हणाली, "मला मशीन नगं. मला तरी बांधू नगं."

काल चुलत्यांना, भावकीला घरी बोलावलं. आईनं सांगितलं, मी लिहून घेतलं, तिनं सही केली. चुलते उठून गेले. जाऊ देत.

माफी मागत नाही, आण्णा. डॉक्टर आईबद्दल विचारतील तेव्हा तिनं सांगितलंय तेच सांगेन, सगळ्यांच्या देखत. आणि तिला घरीच ठेवीन.

तुमची,
सुमन